वाचकांचे प्रश्न: बंद गाडी पुन्हा काढताना विमा एवढा का?

या वेळी आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसली. नोकरी, मुलं, परगावची बदली यांत मोटरसायकल सुटली. आता पुन्हा सुरू करायची, तर विम्याचा आकडा ऐकून हौसच मरते. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

माझी २२० सीसीची बाइक २०१८ च्या सुरुवातीची आहे. २०२१ पासून सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे. तेव्हाचा हप्ता २,१०० रुपये होता, आता ४,९०० सांगताहेत. चार वर्षं मी चालवली नाही याचा हा दंड आहे का? (कोथरूड)

नाही. आपल्याकडे मोटरसायकलचा हप्ता चालवणाऱ्याच्या सरावावर ठरत नाही. तो ठरतो इंजिनाच्या सीसीवर, गाडीच्या आजच्या किमतीवर आणि पॉलिसी खंड न पडता चालू होती का यावर. म्हणून आधी कोटेशन ओळीओळीने वाचा.

पहिली ओळ थर्ड पार्टीची, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीची. हा दर सरकार ठरवतं, त्यात कुणी सूट देऊ शकत नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेले वर्षाचे दर असे: ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये, ७५ ते १५० पर्यंत ७१४, १५० च्या पुढे ३५० पर्यंत १,३६६ आणि ३५० च्या वर २,८०४. तुमच्या गटाचा दर आधी १,१९३ होता, म्हणजे इथे वाढ १७३ रुपयांची.

दुसरी ओळ ओडीची, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीची. कंपन्यांना २००७ पासून यात दर ठरवायची मोकळीक आहे, पण मापाला जुनं टेरिफ, म्हणजे पूर्वीचं ठरलेलं दरपत्रक, अजूनही उपयोगी पडतं. पुणे ‘ए’ झोनमध्ये येतं. १५० ते ३५० सीसी आणि पाच ते दहा वर्षांची गाडी असेल, तर दर आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या आजच्या किमतीच्या, १.८८३ टक्के. तुमच्या गाडीची आयडीव्ही ५०,००० धरली तर ९४१ रुपये झाले. (गाडी साताऱ्याच्या पासिंगची असती तर स्वस्त पडली असती, असं अनेकांना वाटतं. ‘बी’ झोनचा दर १.८४८ आहे. फरक सतरा-अठरा रुपयांचा.)

दोन्ही मिळून २,३०७, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण सुमारे २,७२२ रुपये. राहिलेले २,२०० कशाचे, हे एजंटला स्पष्ट विचारा. त्यात मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असेल. तो सक्तीचा आहे, पण तेवढ्याच रकमेचा वैयक्तिक अपघात विमा तुमच्याकडे आधीच चालू असेल तर पुन्हा घ्यावा लागत नाही, तसं लेखी द्यायचं. एका वर्षाऐवजी तीन वर्षांचा टाकला आहे का, तेही बघा. मागे बसणाऱ्याचा विमा, रस्त्यावरची मदत वगैरे जोडण्या तुम्ही मागितल्या नसतील तर काढायला सांगा.

खंडाचं खरं नुकसान एनसीबीत, म्हणजे नो क्लेम बोनसमध्ये होतं. क्लेम न केल्याबद्दल ओडीवर मिळणारी ही सूट २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी चढत जाते. मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही की ती शून्यावर येते. तुमच्या गाडीवर पूर्ण ५० टक्के असती तरी जीएसटीसह साडेपाचशेच्या आसपास वाचले असते. अडीच लाख आयडीव्हीच्या, ३५० सीसीवरच्या नव्या गाडीवर मात्र तोच बोनस २,७७० रुपयांचा होतो.

आता क्रम. आधी फक्त थर्ड पार्टी काढा, तिला गाडीची तपासणी लागत नाही. पॉलिसीवर छापलेली सुरुवातीची तारीख आणि वेळ उलटल्याशिवाय गाडी गेटबाहेर नेऊ नका. विम्याशिवाय सापडलात तर पहिल्या वेळी २,००० आणि पुढच्या वेळी ४,००० रुपये दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. त्याहून मोठी धास्ती म्हणजे कुणाला धक्का लागला तर भरपाई स्वतःच्या खिशातून जाते. थर्ड पार्टी सुरू झाली की मेकॅनिक, मग पीयूसी आणि शेवटी तपासणी करून वेगळी ओडी पॉलिसी.

तपासणी हल्ली फोनवर येणाऱ्या लिंकवरून होते. चारही बाजूंचे फोटो, इग्निशन चालू ठेवून मीटरचा फोटो, इंजिन नंबर आणि चासी नंबर. घोडं दोन ठिकाणी अडतं. बॅटरी मेलेली असली की डिजिटल मीटर पेटत नाही, म्हणून बॅटरी आधी बदला. दुसरं, बऱ्याच गाड्यांवर चासी नंबर हँडलखालच्या मानेवर कोरलेला असतो आणि चार पावसाळ्यांत तिथे गंज धरतो. चिंधी रॉकेलमध्ये भिजवून दहा मिनिटं दाबून ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. अक्षरं उठत नसतील तर खडूची पूड चोळून पुसा. कानस किंवा खरखरीत पॉलिश पेपर तिथे अजिबात लावू नका. खरवडलेला नंबर खाडाखोड केल्यासारखा दिसतो आणि पुढे आरटीओतही त्रास होतो. फुटलेला इंडिकेटर, चेपलेली टाकी आधीच दुरुस्त करा. तपासणीत दिसलेलं जुनं नुकसान क्लेममधून वगळतात.

सेकंड हँड ३५० सीसीची बुलेट घेतोय. मालकाच्या पॉलिसीवर ५० टक्के बोनस आहे, तो मला मिळेल ना? माझी स्वतःची स्कूटर मी मागच्या वर्षी विकली. (हडपसर)

मालकाचा बोनस मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. तो तसाच ठेवून पॉलिसी नावावर केली आणि पुढे क्लेम केला, तर बोनस पडताळला जातोच आणि क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. व्यवहार झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करा. थर्ड पार्टी कायद्याने आपोआप तुमच्याकडे येते, ओडी येत नाही. नावावर करताना कंपनी बोनसचा फरक भरून मागेल, तो द्या.

तुमच्या स्कूटरवरचा बोनस मात्र तुमचा आहे. स्कूटरच्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र मागा. जुनी पॉलिसी, विक्रीचा पुरावा आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर झाल्याची आरसीची प्रत द्यावी लागते. पत्र तीन वर्षं चालतं आणि कंपनी बदलली तरी चालतं. स्कूटर काय, बुलेट काय, दोन्ही दुचाकीच, त्यामुळे गटाची अडचण नाही. स्कूटरवर ४५ टक्के जमले असतील आणि बुलेट पाच वर्षांच्या आतली, १,२०,००० आयडीव्हीची असेल, तर जुन्या टेरिफच्या हिशेबाने जीएसटीसह सुमारे १,१४० रुपये वाचतात. एका अर्जाच्या मानाने हे पुष्कळ झालं.

वय ५३. लायसन्स दोन वर्षांपूर्वी संपलं. विमा मिळाला, मग चालवायला हरकत नाही ना? (चिंचवड)

हरकत आहे, आणि मोठी आहे. विमा गाडीचा मिळतो, पण अपघाताच्या दिवशी तुमच्याकडे चालू लायसन्स नसेल तर ओडीचा आणि स्वतःच्या अपघात विम्याचा क्लेम अडकतो. समोरच्याला भरपाई कंपनीने दिली तरी ती तुमच्याकडून वसूल होऊ शकते. मुदत संपून वर्ष उलटलं असल्याने तुम्हाला पुन्हा चाचणी द्यावी लागेल. अर्ज सारथी पोर्टलवर करा. चाळिशीनंतर डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो.

लायसन्सवर एमसीडब्ल्यूजी (गिअरची मोटरसायकल) हा वर्ग आहे का, तेही बघून घ्या. कॉलेजच्या काळात फक्त बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स काढलेले पुष्कळ जण आहेत. त्यावर गिअरची मोटरसायकल चालवणं म्हणजे लायसन्स नसल्यासारखंच.

गाडी १२ वर्षांची, आयडीव्ही १५,०००. फुल इन्शुरन्स घेऊ की थर्ड पार्टी पुरे? (सिंहगड रोड)

किरकोळ पडझडीसाठी ओडीचा उपयोग थोडा. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापतात. दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवरही ५० टक्के. समजा ३,००० चं प्लॅस्टिक, २,००० चे धातूचे भाग आणि १,००० मजुरी असं ६,००० चं बिल झालं. हातात येतात १,५०० अधिक १,००० अधिक १,०००, वजा क्लेममधून सक्तीने कापले जाणारे १०० रुपये, म्हणजे ३,४००. वर पुढच्या वर्षीचा बोनस जातो. म्हणून एवढ्या आयडीव्हीला थर्ड पार्टी आणि १५ लाखांचा अपघात विमा पुरे, असंच आम्ही सांगू.

पण तुमचा पत्ता सिंहगड रोडचा आहे. जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. नुसत्या थर्ड पार्टीत पुराचे आणि चोरीचे पैसे मिळत नाहीत. तुमचं पार्किंग नदीच्या बाजूचं किंवा तळघरातलं असेल तर ओडीचे तीनेकशे रुपये वाचवू नका. आणि बुडालेल्या गाडीला सेल्फ किंवा किक मारू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. ते नुकसान पुराचं नाही, तुम्ही सुरू केल्याचं धरतात आणि इंजिन प्रोटेक्ट ही जोडणी घेतलेली नसेल तर क्लेम नाकारतात. बॅटरीची तार काढा, फोटो घ्या, कंपनीला कळवा आणि गाडी टेम्पोत घालून न्या.

फक्त रविवारी पानशेत किंवा ताम्हिणीपर्यंत जातो. वर्षभराचे पैसे का भरू? (बाणेर)

विमा नियामक आयआरडीएआयने जुलै २०२२ पासून किलोमीटरवर आधारित जोडणीला परवानगी दिली आहे. आपला वापर किती, ते आधी सांगायचं आणि त्या प्रमाणात ओडीत सूट घ्यायची. दुचाकीसाठी सगळ्या कंपन्या ती देत नाहीत, म्हणून नाव घेऊन विचारा. थर्ड पार्टीचे पैसे यात एक रुपयाही कमी होत नाहीत. हिशेब असा मांडा: ताम्हिणी जाऊन-येऊन सरासरी १४० किलोमीटर, पाऊस आणि सणवार वगळून वर्षाचे ३५ रविवार, म्हणजे ४,९००. अशा वेळी ५,००० ची मर्यादा घेतलीत तर मेकॅनिककडच्या फेऱ्यांतच ती ओलांडेल. एक पायरी वरची घ्या आणि पॉलिसी सुरू होण्याच्या दिवशी मीटरचा तारखेसह फोटो काढून ठेवा.