दक्षिणेकडे उघडणारे फ्लॅटचे मुख्य दार परंपरेप्रमाणे कसे सजवावे?

विश्रामबागेत आपण घेतलेल्या फ्लॅटचे दार दक्षिणेकडे उघडते, ते बदलता येण्यासारखे नाही, म्हणून दारावर पिरॅमिड आणि आरसा लावा असे कोणीतरी सुचवले आहे, आणि त्याऐवजी आपल्या परंपरेत दार सजवण्याची काय पद्धत आहे, असे आपण विचारले आहे. मी सांगलीतच घरांचे आराखडे काढण्याचे काम करतो आणि वास्तुशांतीच्या आधी हा प्रश्न मला अनेक घरांतून विचारला जातो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आधी दक्षिणेविषयी. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येचा स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात घराच्या प्रत्येक बाजूला आठ, अशी एकूण ३२ द्वारस्थाने मानून प्रत्येकाचे वेगळे फळ दिले आहे. दक्षिण बाजूला आग्नेय कोपऱ्यापासून मोजत गेल्यास चौथे स्थान अन्नपाणी आणि संतती यांची वृद्धी करणारे मानले आहे; हे स्थान साधारणपणे भिंतीच्या मध्याला लागून, किंचित आग्नेयेकडे येते. दक्षिणेच्या इतर सात स्थानांची फळे चांगली सांगितलेली नाहीत, हे खरे आहे; पण ज्या पूर्वेचे सर्वांना इतके आकर्षण असते, तिच्याही शेवटच्या चार स्थानांना क्रोध, असत्य, क्रौर्य आणि चोरी अशी फळे त्याच ठिकाणी दिलेली आहेत. तेव्हा केवळ दिशा ऐकून घाबरवणाऱ्या माणसाने मूळ विचार अर्धाच सांगितलेला असतो. आपले दार भिंतीत नेमके कोठे येते, हे टेप लावून एकदा मोजून घ्यावे.

सजावटीसंबंधी त्याच अध्यायात एक नियम आहे आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यातच आहे. घरातील दुसऱ्या कोणत्याही दाराची शोभा मुख्य दारापेक्षा अधिक असू नये, आणि मुख्य दार कलश, फळे, पाने आणि शिवगण अशा मंगल आकृतींनी सजवावे, असा तो नियम. आपल्या भागातील जुन्या वाड्यांच्या चौकटीवर मधोमध गणपती कोरलेली जी गणेशपट्टी दिसते, ती याच विचाराशी जुळणारी आहे. हल्ली मात्र देवघराला कोरीव सागवानी दार करतात, टीव्हीमागच्या भिंतीवर सढळ हाताने खर्च करतात आणि मुख्य दार बिल्डरने दिले तसेच ठेवतात. सजावटीसाठी जी रक्कम ठरवली असेल, तिचा मोठा भाग कृपया मुख्य दाराच्या चौकटीवर खर्च करावा. गणेशपट्टी नव्याने बसवता येते, आणि ती जमली नाही तर चौकटीच्या मध्यावर लहानशी पितळी गणेशमूर्तीही शोभून दिसते.

दुसरा खर्च उंबरठ्यावर करावा. फ्लॅटमध्ये बहुधा चौकटीच्या तीनच बाजू लाकडाच्या असतात आणि खाली ग्रॅनाइटची पट्टी असते. सुताराकडून सागवानाचा, दीड इंचाहून उंच नसलेला उंबरठा बसवून घ्यावा आणि घरात वयस्कर माणसे असतील तर त्याच्या दोन्ही कडा उतरत्या करून घ्याव्यात. हिरण्यकशिपूचा वध घराच्या आतही झाला नाही आणि बाहेरही झाला नाही, तो उंबरठ्यावर झाला, ही नरसिंहाची कथा आपल्याला ठाऊक असेलच. उंबरठ्यावर बसू नये, त्यावर पाय देऊ नये, असे घरोघरी सांगतात त्यामागे ही भावना आहे. या उंबरठ्याला चकचकीत ऑइल पेंट देऊ नये, कारण त्यावर हळद धरत नाही आणि वाळली की पापुद्र्यासारखी सुटते. नुसते तेल पाजलेल्या लाकडावर पाण्यात कालवलेल्या हळदीची बोटे ओढली आणि त्यावर कुंकवाचे ठिपके दिले, की हळदीचा रंग लाकडात मुरतो आणि रोजच्या लेपाने अधिक खुलत जातो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती हळद हाताशी असताना पिवळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या चिकटवण्याचे कारण मला दिसत नाही.

लक्ष्मीच्या पावलांच्या तयार स्टिकरविषयी माझे मत याहून स्पष्ट आहे. ते रोज पायाखाली येतात, फाटतात आणि फाटक्या अवस्थेतच महिनोन्‌महिने तेथे राहतात, हे मला मनापासून खटकते. त्यापेक्षा दाराच्या एका बाजूला, जिन्याची वाट सोडून, वीतभर रांगोळी रोज काढावी. चैत्रात तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रांगण, चातुर्मासात गोपद्मे आणि लक्ष्मीपूजनाला घरात येणारी पावले, एवढा क्रम सांभाळला तरी वर्षभर दार सजलेले राहते. स्वस्तिक आणि शुभ-लाभ जमिनीवर न काढता चौकटीच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर काढावेत.

तोरण आंब्याच्या ताज्या पानांचे असावे आणि पाने सुकली की ते उतरवावे. दसऱ्याचे झेंडू दिवाळीपर्यंत लोंबत ठेवू नयेत. खिळे चौकटीत मारावेत, दाराच्या फळीत नव्हे. चपलांचे कपाट दारासमोर न ठेवता बाजूला घ्यावे. तुळशीची कुंडी मात्र जिन्याजवळच्या अंधाऱ्या बोळात ठेवण्याचा आग्रह धरू नये. तेथे ऊन नसल्यामुळे ती खुरटते, म्हणून ती पूर्वेच्या बाल्कनीत असावी आणि दारात दिवेलागणीला एक दिवा लावावा. बोळातला सामाईक दिवा बंद पडलेला असेल तर तो सोसायटीकडून आधी दुरुस्त करून घ्यावा, कारण दार कितीही सजवले तरी अंधारात ते दिसणार नाही.

आरसा, पिरॅमिड, वाऱ्यावर किणकिणणाऱ्या नळ्या यांची मला शिफारस करता येत नाही. यांतील बऱ्याच गोष्टी चिनी फेंगशुईतून अलीकडे आपल्याकडे आल्या आहेत आणि आपण विचारलेल्या परंपरेशी त्यांचा संबंध नाही.

सुताराला बोलवाल तेव्हा आणखी एक काम सांगावे. आपोआप उघडणारे किंवा आपोआप मिटणारे दार बृहत्संहितेत अशुभ मानले आहे, आणि चौकट ओळंब्यात नसली की दार नेमके तसेच फिरते. दार अर्धे उघडून सोडून पाहावे; ते जागचे हलले, तर गणेशपट्टी आणि उंबरठा बसवण्याआधी चौकट आणि बिजागऱ्या नीट करून घ्याव्यात, नाहीतर केलेले काम पुन्हा उकलावे लागेल.