सवलत मागण्याआधी कोटेशन मागा

प्रश्न : ताई, दिवाळीपूर्वी पहिली गाडी घ्यायची आहे. अंधेरीच्या शोरूममध्ये सेल्समन म्हणतो, ‘साहेब, आजच बुकिंग केलंत तरच ऑफर.’ घासाघीस कशी करू? – एक वाचक, भांडुप

उत्तर : आज काहीही बुक करू नका. ‘आजच’ची घाई त्याच्या महिन्याच्या टार्गेटची असते, म्हणून महिनाअखेरीस तोच माणूस जास्त ऐकतो.

आधी ऑन-रोड किमतीचं (म्हणजे कर, विमा, नोंदणी सगळं धरून होणाऱ्या किमतीचं) लेखी कोटेशन घ्या, प्रत्येक रक्कम वेगळी मांडलेलं. मग त्याच मॉडेलची, त्याच व्हेरियंटची कोटेशनं मुलुंड आणि ठाण्यातून आणा. आरटीओच्या कराच्या रकमेत डीलर काही करू शकत नाही. खरी जागा असते ती विम्यात, अ‍ॅक्सेसरीजमध्ये आणि ‘हँडलिंग चार्जेस’मध्ये. हँडलिंगची रक्कम तर सरळ काढायला सांगा. मला त्या ओळीची मनापासून चीड आहे. गाडी गोदामातून शोरूममध्ये आणणं हे डीलरचंच काम!

विमा डीलरकडूनच घ्यावा असं बंधन नाही. नव्या गाडीला 3 वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा) सक्तीचा आहे, पण कंपनी तुम्ही निवडा. बाहेरचा दर दाखवलात की बहुतेकदा तिथलाही दर उतरतो.

‘मोफत’ मॅट-कव्हरपेक्षा रोख सवलत मागा आणि ती बिलावर लिहून घ्या. एक्स-शोरूम किंमत (नोंदणी, रस्ता कर आणि विमा सोडून) 10 लाखांवर असेल तर 1 टक्का टीसीएस, म्हणजे डीलरने विक्रीवेळीच तुमच्याकडून गोळा केलेला आयकर, लागेल. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

पूर्ण पैसे भरण्याआधी चासी नंबर मागून गाडी कोणत्या महिन्यात बनली तेही तपासा.