दोन घोटांची कॉफी

प्रश्न: ताई, परवा पणजीला फोंतान्यसमध्ये एका कॅफेत माकियातो मागवली, तर भातुकलीतला वाटावा एवढासा कप आला, दोन घोटांत संपली! फसवलं का हो मला?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: अहो नाही, माकियातो असतेच तेवढी. इटालियनमध्ये माकियातो म्हणजे डाग पडलेली, एस्प्रेसोवर दुधाच्या फेसाचा एक ठिपका, बस. आणि एस्प्रेसोच मुळात 30 मिलीच्या आसपास, बारीक दळलेल्या पावडरीतून 9 बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण नऊपट दाबाने गरम पाणी 25-30 सेकंद ढकलतात नि कपात वर तो सोनेरी-तपकिरी थर येतो ना, तो क्रेमा, तो बघायलाच मी काउंटरपाशी उभी राहते. तुम्हाला बहुतेक लाते हवी होती, त्यात तीच एस्प्रेसो पण दूध भरपूर नि फेस पातळ, कॅपुचिनोत दूध कमी आणि फेस जाड. अमेरिकानोत एस्प्रेसोत नुसतं गरम पाणी घालतात, मला ती पांचटच लागते. आणि मे महिन्यातल्या आपल्या घामाच्या धारांत हे सगळं सोडा, आफोगातो मागवा, व्हॅनिला आइस्क्रीमवर गरम एस्प्रेसो ओतलेली, फक्त लगेच खा, फोटो काढत बसलात तर वाटीत नुसतं पाणी उरतं.