गिअरचे बुश भोकात बसत नाहीत

प्रश्न : माझ्याकडे 1981 ची मर्सिडीज 240 डी आहे, 123 बॉडी, चार गिअर, मॅन्युअल. गिअरचा दांडा फार खिळखिळा झाला आहे. दांडा गिअरबॉक्सला जोडणाऱ्या रॉडचे नवे प्लास्टिकचे बुश (रॉडची पिन ज्यात बसते त्या छोट्या कड्या) आणले, पण रॉडच्या टोकाशी असलेल्या लिव्हरच्या भोकात जात नाहीत. हातोडीने ठोकताना दोन फुटले. भोक थोडं घासून मोठं करू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : भोक अजिबात घासू नका. एकदा सैल झालं की नवा बुशही त्यात खेळेल, आणि मग लिव्हरच बदलावी लागेल.

या बुशला एका बाजूला रुंद कॉलर असते, दुसऱ्या बाजूला बारीक ओठ. ओठ दबून भोकातून पलीकडे गेला आणि पुन्हा फुलला की बुश अडकतो. थंड प्लास्टिक दबायला तयार नसतं. त्यात हातोडीचा घाव जरा जरी तिरका पडला तरी ओठ कापला जातो.

गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर घ्या, चाकांना ठोकळे लावा आणि गिअर न्यूट्रलला ठेवा. क्लिपा काढून रॉड सोडवा. जुन्या बुशचे तुकडे, वाळलेलं ग्रीस भोकातून पूर्ण काढा. कडेला धार असेल तर बारीक पॉलिश पेपरने फक्त ती धार मोडा. नवा बुश उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवा, बाहेर काढताच थोडं ग्रीस लावून लगेच बसवा.

दाबायला लांब नट-बोल्ट वापरा. कॉलरच्या बाजूला जाड वॉशर, ओठाच्या बाजूला पान्याचं पोकळ सॉकेट. सॉकेटचं तोंड ओठापेक्षा मोठं हवं. बहुतेक जण इथे दोन्हीकडे वॉशर लावतात, मग ओठाला बाहेर पडायला जागाच उरत नाही आणि बुश चेपतो. नट हळूहळू आवळा. ओठ बसताना 'टक्' असं जाणवतं. मध्येच बुश गार झाला तर जोर लावू नका, काढून पुन्हा उकळा.

तीन रॉडची दोन्ही टोकं मिळून सहा बुश होतात. सहाही एकदम बदला, कारण प्रत्येकाची थोडी थोडी झीज दांड्यावर एकत्र जाणवते. रॉडची पिन बुशात ताण न देता उतरली पाहिजे. ओढून बसवावी लागत असेल तर रॉडची लांबी जुळवून घ्या, नाहीतर एखादा गिअर अर्धवट पडून उडी मारेल. क्लिपा नव्याच घाला, आणि इंजिन बंद असतानाच रिव्हर्ससकट सगळे गिअर टाकून पाहा.