एसटीपीवर (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर) नवीन लागलायस? आधी हवेचं बघ

हाताला लागलेली घाण दिसते, म्हणून ती सगळेच धुतात. नाकातोंडातून जाते तिचं काय? एअरेशन टाकीत, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडतात त्या टाकीत, ब्लोअर (हवा सोडणारा पंखा) चालू असला की बुडबुडे फुटतात आणि जंतूंसकट बारीक तुषार हवेत उडतात. सॅम्पल घेताना वारा तुझ्याकडून टाकीकडे जाईल असा उभा राहा. स्क्रीन चेंबर (जाळीने कचरा अडवतात ती जागा) आणि गाळ पिळायची मशीन त्याहून वाईट. तिथे जोरात पाइप मारून धुऊ नकोस, सगळं तोंडावर येतं. एन-९५ मास्कच लाव, रुमाल नको. दाढी असली तर मास्क गालाला नीट बसत नाही, फट राहते. पण मास्क विषारी वायू अडवत नाही! सुपरवायझर कितीही घाई करो, गॅस तपासल्याशिवाय, साधनांशिवाय आणि वर माणूस उभा असल्याशिवाय चेंबरमध्ये उतरायचं नाही म्हणजे नाही.

ड्युटीनंतर अंग कसकसतं, खोकला येतो, पोट बिघडतं. मेलेल्या जंतूंच्या कवचातलं एंडोटॉक्सिन नावाचं विषही हा त्रास देतं. डॉक्टरला काम काय करतोस ते स्पष्ट सांग. धनुर्वात आणि हिपॅटायटिसच्या लशींचंही त्यांनाच विचार. तंबाखू मळत असशील तर आधी साबणाने हात धू. कामाचे कपडे प्लांटवरच बदल, घरात लहान मुलं आहेत तुझ्या.