विमानातून हेलिकॉप्टरकडे वळताना

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाच्या धावपट्टीवर सफाईने विमान उतरवणाऱ्या तुम्हाला हेलिकॉप्टर जमेल, याविषयी मला शंका नाही. मात्र हजारो तासांत अंगवळणी पडलेल्या सवयीच सुरुवातीला घात करू शकतात, हे कळकळीने सांगतो. स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याचा, इशारा मिळताच विमानात नाक खाली करायचे असते. पण दोन पात्यांच्या रॉबिन्सन हेलिकॉप्टरमध्ये रोटरचे (वर फिरणाऱ्या पात्यांचे) फेरे कमी झाल्याचा भोंगा ऐकून सायक्लिक, म्हणजे दिशा देणारा दांडा, पुढे रेटला, तर रोटरवरचा भार हलका होऊन त्याचा मध्यभाग मास्टवर, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या उभ्या दांड्यावर, आदळू शकतो. तिथे डाव्या हाताने कलेक्टिव्ह (सर्व पात्यांचा कोन एकत्र बदलणारा दांडा) खाली करून इंजिनाचा थ्रॉटल वाढवायचा असतो. परवाना अर्थातच वेगळा लागतो. गगनबावड्याकडे पावसाळी ढग खाली आले, की पुढे रेटण्याऐवजी वेळीच परत फिरावे किंवा मोकळ्या माळावर सुरक्षित उतरून थांबावे. त्यात कसलाही कमीपणा मानू नका.