ताई, आधी तो शब्दकोश उचला

प्रश्न : मंडळात खांद्यावरून न्यायला बरा म्हणून 2014 च्या दिवाळीत मुलानं पातळसा लॅपटॉप घेऊन दिला. आता तो सुरू होईपर्यंत माझे पोहे होऊन वर शेवसुद्धा पडते. चार्जरच्या पिनेला घडी घातलेल्या पोस्टकार्डाचा टेकू लागतो. तारीख रोज सकाळी 1 जानेवारी 2012, मग एकही वेबसाइट उघडत नाही. हल्ली टचपॅड वर आलंय, झाकण मिटत नाही. वर जाड शब्दकोश ठेवला की बसतं. मुलगा पुण्याहून म्हणतो, "आई, भंगारात दे." पण आत मंडळाची दहा वर्षांची इतिवृत्तं आहेत आणि सासूबाई सांगत गेल्या, मी टाइप करत गेले त्या पाककृती. सगळं कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये. जीव होत नाही. काय करू?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, आधी तो शब्दकोश उचला. मग चार्जर काढा, मशीन बंद करा आणि पुढचं वाचा.

बिजागरी बिघडलेली नाही, बॅटरी फुगली आहे. लिथियम बॅटरी जुनी झाली की आत वायू धरतो, तिची चपटी पुडी फुगते आणि वरच्या टचपॅडला ढकलते. ती दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते, म्हणून सुरीनं उचकटायला जाऊ नका. माझ्या लॅपटॉपची अशीच फुगली तेव्हा टेबल वाकडं आहे समजून मी महिनाभर पायाखाली कागद सरकवत होतो, त्यामुळे तुम्हाला हसायची मला सोय नाही! जेल रोडवर एखाद्या जाणत्या कारागिराकडे न्या, "बॅटरी फुगलीय" हे हातात देण्याआधीच सांगा, आणि समोर बसून दोन कामं करून घ्या : बॅटरी बाहेर, हार्ड डिस्क बाहेर.

तारखेचा घोळ आतल्या बटण-बॅटरीचा. ती संपली की घड्याळ मागे जातं. ब्राउझर साइटचं प्रमाणपत्र, म्हणजे ती खरी असल्याचा दाखला, तारखेशी ताडून बघतो. तुमच्या 2012 मध्ये ते अजून जन्मलेलंच नसतं, म्हणून दार बंद. बदलायला स्वस्त, पण आता कशाला? 2014 चं मशीन म्हणजे बहुतेक विंडोज 8.1, आणि त्याचे सुरक्षा अपडेट 10 जानेवारी 2023 ला थांबले. बँकेचं काम त्यावर नकोच.

जीव अडकलाय तो डिस्कमध्ये. ती अडीच इंची असेल तर यूएसबी केसिंगमध्ये, म्हणजे डिस्क ठेवायच्या डबीत बसवा, नव्या मशीनला पेनड्राइव्हसारखी लागते. एवढी जुनी डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही. लावली की उघडून वाचत बसू नका. आधी इतिवृत्तं आणि पाककृती उतरवा, फोटो नंतर.

उतरवलेली फाइल उघडलीत की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. घाबरू नका, फाइल शाबूत आहे. कृतिदेव इंग्रजी अक्षरांवरच देवनागरीचे आकार चढवतो. फॉन्ट नसला की खालची अक्षरं उघडी पडतात. जुन्या डिस्कवर विंडोजच्या फोल्डरात फॉन्ट्सचं फोल्डर असतं, तिथून कृतिदेव उचलून नव्यात बसवा. मग सवडीनं सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे खास फॉन्टशिवाय दिसणाऱ्या देवनागरीत बदला. मात्र मला भेटलेले कन्व्हर्टर हिंदीच्या हिशेबानं चालणारे, 'ळ' आणि 'ऱ्या'वर हमखास अडखळतात. डाळीची डाल झाली तर सासूबाईंना चालणार नाही, तेव्हा एक नजर फिरवा.

डिस्क घरातच राहू द्या. नुसतं फॉरमॅट करून दिलेल्या डिस्कवरूनही फाइली परत काढता येतात, आणि जुना घेऊन नवा देणाऱ्या एक्स्चेंजवाल्यानं तिच्यापायी थोडे पैसे कापले तर कापू द्या. एक्स्चेंजला दिला नाहीत तर रिकामा सांगाडा कचरागाडीत, ई-कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात. फुगलेली बॅटरी मात्र गाडीत टाकू नका, ती कारागिराकरवी ई-कचरा उचलणाऱ्यांच्या हाती जाऊ द्या.

आणि ते पोस्टकार्ड आठवणीनं काढून घ्या. कुणाचं आलेलं होतं?